सिमेंट शिळं होतं, लाकूड मुरतं

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

"आम्ही जुळे सोलापुरात एक गुंठा जागा घेऊन घर बांधायला काढलं. मिस्टर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी शिवणकाम करते. स्लॅब पडला, विटकाम झालं आणि काम थांबलं. ठेकेदार म्हणतात, सळई, सिमेंट, लाकूड सगळंच महागलंय, मालही वेळेवर मिळत नाही, सव्वादोन लाख जास्तीचे द्या, नाहीतर पुढं परवडत नाही. सासऱ्यांचा आग्रह आहे की दारं-खिडक्या सागवानीच हव्यात, गावाकडच्या माळवदाच्या घरात तशीच होती. वखारीत भाव विचारला आणि काही न बोलता परत आलो. दीर म्हणतात, दागिने गहाण ठेवा आणि सगळा माल आत्ताच भरून ठेवा. मिस्टर म्हणतात, वर्षभर थांबू, भाव उतरतील. भाड्याच्या दोन खोल्यांचं भाडं चालूच आहे. मी कुणाचं ऐकू? – एक भगिनी, सोलापूर"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका शब्दाशी थांबलो, तो म्हणजे सळई. तुमचा स्लॅब पडलाय. म्हणजे घराला लागणारी जवळजवळ सगळी सळई केव्हाच काँक्रीटमध्ये गेली. ती ज्या दिवशी दुकानातून उचलली त्या दिवसाच्या भावानं आली. आज सळई कितीही चढली तरी तुमच्या उरलेल्या कामात तिचा संबंध राहिला तो खिडक्यांच्या जाळ्यांपुरता आणि गच्चीवर टाकीखाली काही बांधायचं असेल तर तेवढ्यापुरता. विटा भिंतीत गेल्या, खडी स्लॅबमध्ये गेली. मग सव्वादोन लाखांत सळई कशी आली, हे ठेकेदाराला विचारायला हवं. शांतपणे, भांडणाच्या सुरात न जाता.

ठेकेदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. पस्तीस वर्षं मी बांधकामावर काढली आणि लहान ठेकेदारांची ओढाताण जवळून पाहिली. चौरस फुटाच्या दरानं काम अंगावर घेतलेलं असतं. भाव वाढला की आधी त्याचा खिसा फाटतो, आणि गवंडी-बिगाऱ्यांचा आठवड्याचा पगार तर काही केल्या चुकवता येत नाही. अशा वेळी माणूस हिशोब मांडत बसत नाही, मनाला येईल तो गोल आकडा सांगतो. तुमचा सव्वादोन लाखांचा आकडा मला तसाच वाटतो. म्हणून तो मान्य करू नका आणि धुडकावूनही लावू नका. वही घेऊन त्यांच्यासमोर बसा. कुठलं काम उरलंय, त्याला कुठला माल किती लागणार, करार झाला त्या दिवशी त्याचा भाव काय होता आणि आज काय आहे, एवढंच लिहा. समजा, तेव्हा सिमेंटचं पोतं ३५० रुपयांना होतं आणि आज ३९० ला आहे. प्लास्टर, फरशी आणि गच्चीचा उतार मिळून दीडशे पोती लागणार असली तर फरक होतो ६,००० रुपये. हे आकडे मी नमुन्यादाखल घेतलेत, खरे तुम्ही दुकानातून आणा. फरक उलटाही निघू शकतो, हेही ध्यानात असू द्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तुमचा करार त्याआधीचा असेल तर हा मुद्दा तुमच्या बाजूनं आहे. पक्की पावती मागितली की तो आपोआप दिसेल.

हिशोबातून जी खरी वाढ निघेल ती द्या. ती देणं न्यायाचं आहे. आणि त्यांच्यापुढे एक पर्याय ठेवा : इथून पुढे माल आम्ही आणतो, तुम्ही मजुरीवर काम पुरं करा. माल आणण्यात त्यांना जे चार पैसे सुटत होते ते यात जातील, म्हणून मजुरीचा दर ठरवताना हात थोडा सैल सोडा. अर्धवट काम दुसरा ठेकेदार सहसा घेत नाही, आणि घेतलंच तर आधीच्याच्या नावानं बोटं मोडत दर वाढवून घेतो. जे ठरेल ते तारीख घालून कागदावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या.

आता दीर आणि मिस्टर. एक म्हणतात सगळं आत्ताच भरा, दुसरे म्हणतात सगळ्यालाच थांबा. दोघंही सगळा माल एकाच मापानं मोजतायत, आणि मला तुम्हाला नेमकं हेच सांगायचंय. बांधकामातला प्रत्येक माल आपापल्या चालीनं चालतो. कुठला ठेवला तर बिघडतो, कुठला ठराविक महिन्यांतच मिळत नाही, आणि एक माल असा आहे की जो आधी घेऊन ठेवला तरच चांगला होतो.

सिमेंट साठवू नका. हवेतला दमट वाफारा पोत्यातून आत जातो आणि सिमेंट हळूहळू मरतं. तीन महिन्यांत त्याची सुमारे पाचवा हिस्सा ताकद गेली असं आम्ही धरून चालायचो, सहा महिन्यांत त्याहून जास्त. पोत्यावर ते कुठल्या आठवड्यात तयार झालं हे छापलेलं असतं, घेताना तेवढं वाचा. आणि सोलापुरात सिमेंटची टंचाई धरून बसायचं कारण नाही. कारखाना होटगीला, दाराशीच आहे. पलीकडे कलबुर्गी जिल्ह्यात चुनखडीचा पट्टा आणि त्यावर उभे राहिलेले मोठमोठे कारखाने. पंधरा दिवसांच्या कामापुरती पोती आणा, खाली फळ्या घाला, भिंतीपासून हातभर लांब रचा.

वाळूचं वेगळं. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून वाळू काढायला बंदी असते, त्यामुळे भीमेची असो की सीनेची, पावसाळ्यात तिचा भाव चढतो आणि चोरटी वाळू फिरायला लागते. ती चोरटी वाळू घेऊ नका. पकडली गेली तर ट्रॅक्टरसोबत तुमचंही नाव निघतं. आपल्या काळ्या पाषाणापासून केलेली प्लास्टरची क्रश सँड आता चांगली मिळते, फक्त भुकटी जास्त आहे का ते पाहा. मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळा आणि थोडा वेळ ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती गाडी परत पाठवा. मोजताना ब्रास म्हणजे शंभर घनफूट, ट्रॉलीला टेप लावून बघा. फरशीची घाई अजिबात करू नका. शहाबाद आपल्याच रेल्वेमार्गावर आहे, शहाबादी कुठं पळून जात नाही.

दागिन्यांचं एका वाक्यात सांगतो. भाव वर्षात जेवढा वाढेल असं वाटतं त्याहून गहाणाचं व्याज जास्त असेल तर तुम्ही माल स्वस्तात घेतलेला नसतो, आणि सिमेंटसारख्या मालासाठी तर दागिने गहाण टाकूच नका.

राहिलं लाकूड. खरा प्रश्न तोच आहे.

तुमचे मिस्टर "भाव उतरतील" म्हणतात ते कशावरून, याचा मला अंदाज आहे. कोरोनानंतर लाकडाच्या भावाची बातमी जगभर झाली होती. अमेरिकेत लोक घरात अडकले, घरं दुरुस्त करायला आणि नवी बांधायला निघाले, आणि लाकडाच्या गिरण्या बंद नाहीतर अर्ध्या चालू होत्या. मे २०२१ मध्ये शिकागोच्या वायदे बाजारात हजार बोर्ड फुटांचा (हे तिकडचं लाकडाचं माप) भाव १,६०० डॉलरच्या वर गेला. ऑगस्टपर्यंत तो ६०० च्या खाली आला. थांबलेल्यांचं भलं झालं, हे खरं. सळईचंही तसंच झालं. युक्रेनच्या युद्धानंतर ती भडकली, मे २०२२ मध्ये सरकारनं पोलादाच्या निर्यातीवर कर बसवला आणि भाव खाली आले.

पण शिकागोचं ते लाकूड म्हणजे पाइनसारखं मऊ लाकूड. तिथली गिरणी पुन्हा चालू झाली की माल वाढतो. सागाची गिरणी चालू करून साग वाढत नाही. चौकटीला गाभ्याचं चांगलं लाकूड मिळायला झाडाला काही दशकं द्यावी लागतात. आपल्याकडे डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जंगलातली तोड मंजूर आराखड्यापुरती बांधली गेली. मग भिस्त ब्रह्मदेशाच्या सागावर होती, पण त्या देशानं १ एप्रिल २०१४ पासून ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आता वखारीत "सागवान" म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं असतं आणि कांडला बंदरातून येतं. डॉलरचा भाव आणि जहाजाचं भाडं त्याच्या अंगावर बसलेलं असतं. लागवडीचं झाड लवकर तोडतात, त्यामुळे कडेचा पांढरा, कच्चा भाग जास्त असतो. चंद्रपूर-गडचिरोलीचा, बल्लारशाचा साग अजून लिलावात निघतो आणि तो खरोखर देखणा असतो. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये तिथूनच लाकूड गेलं. त्याचा भावही त्याच्या तोलाचा असतो. सागवान वर्षभरात निम्म्यावर येईल या आशेवर भाडं भरत बसू नका. त्याऐवजी लाकूड कमी लागेल असं काही करता येतं का ते पाहा. तुमच्या घरात ते नक्की करता येईल.

सगळीच दारं सागवानी कशाला? ऊन-पाऊस, वाळवी, चोर आणि पाहुणा या सगळ्यांना तोंड देतं ते पुढचं दार. ते सागाचं करा, मनासारखं करा. आतल्या खोल्यांना आयएसआय शिक्क्याची फ्लश डोअर, म्हणजे प्लायची सपाट दारं, पुरतात. दाराच्या कडेवर शिक्क्यासोबत आयएस २२०२ हा क्रमांक आहे का ते स्वतः बघा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. संडास-बाथरूमला लाकूड लावूच नका. तिथं चौकट ग्रॅनाइटची आणि दार पीव्हीसीचं. खिडक्यांना ग्रॅनाइटची चौकट आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या झडपा, नाहीतर लोखंडी खिडकी. स्वयंपाकघरातल्या मांडण्या प्लायऐवजी कडप्प्याच्या किंवा शहाबादीच्या करा. वाळवी लागत नाही, पाण्यानं फुगत नाहीत, आणि ट्रॉल्या नंतर हात मोकळा झाला की बसवता येतात.

मग चौकटीचं माप. वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं. फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४. तीन बाजूंच्या चौकटीला, सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद धरली तर, साडेसतरा फूट लाकूड लागतं. पाच बाय तीन इंचाचं घेतलंत तर १.८२ घनफूट, चार बाय अडीचचं घेतलंत तर १.२२. एका चौकटीत तिसरा हिस्सा लाकूड वाचलं. आतल्या दारांना चार बाय अडीच भरपूर होतं. सुतार "जाड घ्या, मजबूत होईल" म्हणतील. पुढच्या दाराला त्यांचं ऐका, आतल्याला ऐकू नका. आतल्या चौकटींना गावाकडची बाभूळ किंवा निंबही चालतो. जुने सुतार बाभळीचे ओंडके महिनोन्‌महिने विहिरीत बुडवून ठेवत, त्यानं रस निघून जातो आणि भुंगा लागत नाही. मात्र स्वतःच्या बांधावरचं असलं तरी साग किंवा आंबा परवानगीशिवाय तोडू नका, वन खात्यात आधी विचारा.

आणि आता तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात : गावाकडच्या माळवदाच्या घरात तशीच होती.

"होती" म्हणजे काय, ताई? ते घर उभं आहे की पडलंय? पडलं असेल तर त्याच्या तुळया, खांब, कडीपाट कुठं आहेत? सोलापूरच्या आसपास माळवदाखालचं लाकूड पुष्कळदा अस्सल साग असतो, आणि साठ-सत्तर वर्षं वर पांढरी माती घेऊन उभा राहिलेला. वाळून, मुरून झालेलं लाकूड. असं लाकूड आज वखारीत पैसे मोजूनही सहसा मिळत नाही.

मुरलेल्या लाकडाची किंमत मला घाव सोसून कळली. १९९४ मध्ये मी माझं स्वतःचं घर बांधलं. मृग तोंडावर आला होता आणि लाकडाचा भाव वाढणार अशी आवई उठली होती. घाईनं एका वखारीतून "सुकं आहे" या शब्दावर लाकूड उचललं. सुतारानं रंधा मारताना मला हाक मारून दाखवलंही, भुसा हाताला ओलसर लागत होता. मी म्हटलं, लावा, वाळेल आपोआप. पुढच्या मेमध्ये ते खरंच वाळलं. आपल्याकडचा मे तुम्हाला ठाऊक आहे. चौकट पिळली, प्लास्टर कोपऱ्यात फुटलं, दाराच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट पडली. दोन दारं पुन्हा करावी लागली, तेही प्रॉव्हिडंट फंडातून काढलेल्या पैशांतून. तो पैसा मुलीच्या शिक्षणाला ठेवला होता. दोष वखारवाल्याचा होता तेवढाच माझ्या घाईचा. म्हणून म्हणतो, लाकूड नवं घ्यायचंच झालं तर ते सगळ्यात आधी घ्या, चिरून घ्या, सावलीत मध्ये पट्ट्या घालून रचा आणि प्लास्टर होईपर्यंत हवेवर वाळू द्या. ओलावा मोजायचं लहानसं यंत्र मिळतं, सुतारांकडे असलं तर उत्तम. दहा-बारा टक्क्यांच्या आसपास ओलावा आला की मगच रंधा.

गावाकडचं लाकूड वापरायचं तर काही गोष्टी आधी करा. ते घर एकट्या सासऱ्यांच्या नावावर आहे की भावकीत? चुलत्यांचा हिस्सा असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एक कडीही हलवू नका. लाकूड वाचेल आणि नाती जातील, असं नको. मग सुताराला बरोबर न्या. प्रत्येक तुळईवर हातोडीनं ठोकत जायचं. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द आवाज आला तर आत वाळवीनं पोखरलंय. भिंतीत गेलेली टोकं बहुतेक सडलेली निघतात, ती हात-दीड हात कापूनच मोजा. खिळे सगळे उपसायला लागतात, एक जरी राहिला तरी गिरणीचं पातं तुटतं आणि गिरणीवाला पुन्हा दारात उभं करत नाही. लोहचुंबक फिरवून बघायचं.

दहा फूट लांब आणि आठ बाय आठ इंचाची एक तुळई म्हणजे जवळजवळ साडेचार घनफूट. चिरताना, तासताना निम्मं गेलं असं धरा, तरी सव्वादोन घनफूट हातात उरतं. पुढच्या दाराची जाड चौकट तेवढ्यात होते. दुसऱ्या तुळईत दाराच्या फळ्या. दोन चांगल्या तुळया मिळाल्या तर पुढचं दार पुरं झालं, आणि वाहतूक-चिराई धरूनही नव्या सागाच्या खर्चात मोठा फरक पडेल.

सासऱ्यांच्या आग्रहाला तुम्ही पत्रात आग्रह म्हटलंय. मला त्यात जरा वेगळं दिसलं. ज्या माणसानं आयुष्यभर सागाच्या उंबऱ्यातून ये-जा केली, त्याला सिमेंटच्या खोक्यात आपलं म्हणावं असं काहीतरी हवं असतं. सगळी दारं सागाची झाली काय किंवा एक झालं काय, त्यांना ते दार आपल्या घरचं वाटलं पाहिजे. त्यांना भाव सांगून गप्प करू नका. कुठली तुळई कुठल्या खोलीवर होती, कुठल्या खांबाला कुणी कोरलं होतं, हे फक्त त्यांनाच माहीत आहे. सुताराला गावी नेताना मामंजींना बरोबर न्या. निवड त्यांना करू द्या.

त्याच्या आधी मात्र ठेकेदारांबरोबरची वही. प्लास्टर सुरू झालं की पुढचा महिना-दोन महिने लाकडाला वाळायला मिळतील, आणि भाड्याची खोली सोडायची तारीख तुम्हाला घरमालकाला सांगता येईल. गावाला जाल तेव्हा सकाळी लवकर निघा, टेप, हातोडी आणि चुंबक बरोबर घ्या. कोणत्या तुळया खणखणीत निघाल्या त्यांची मापं लिहून मला पाठवा, कुठून काय चिरायचं ते मी आखून देतो.